खुंटीवरचा स्वेटर

संस्थेत वाढलेल्या मुलांना अठरावं सरलं की बाहेर पडावं लागतं. त्यांचं पुढचं शिक्षण आणि नोकरी मार्गी लावायला एक ताई नेमलेली असते. या ताईकडे अशी एकोणीस मुलं होती, एक टेबल होतं आणि खुर्च्या दोन. तिसरं माणूस आलं की कुणीतरी उभं राहायचं, बहुधा ताईच.

एकोणिसांतली सगळ्यात बिनघोर फाइल हजरची. चौदा वर्षं रोज हजेरी दिल्यामुळे कुणी कुठेही हाक मारली तरी तिच्या तोंडून ‘हजर’ असंच निघे, म्हणून मुलींनी ते नाव पाडलेलं. ताईनं तिला कवळ्या बनवणाऱ्या एका कारखान्यात चिकटवलं होतं. तीन महिने उमेदवारी. ती पुरी झाल्याची मालकाची सही मिळाली की कवळ्यांच्या कामाच्या अभ्यासक्रमाची फी आणि वसतिगृहातली खाट योजनेतून. सही नाही तर दोन्ही नाही, आणि दुसरी संधीही नाही, एकाला एकदाच. अकरा आठवडे झाले होते, दोन राहिले होते. मेणात दात बसवताना तिचा हात असा चाले, की मालककाका म्हणाले होते, ही पोरगी बसवणार असेल तर माझे उरलेलेही आजच काढून टाकतो.

त्याच काकांचा सोमवारी फोन आला, जरा येऊन जा. आवाजात थट्टा नव्हती.

कारखान्यात फळीवर ओळीनं कवळ्या हसत होत्या; माणसांपैकी कुणी हसत नव्हतं. टेबलावर एक निळा स्वेटर पडला होता, सहा वर्षांच्या पोरीला बेताचा होईल एवढा. शनिवारपर्यंत तो पॉलिशवाल्या वहिनींना सैल होत होता. त्यांच्या आईनं विणलेला. आई जाऊन तीन वर्षं झाली होती.

शनिवारी संध्याकाळी गारठा पडला, तसा हजरनं खुंटीवरचा स्वेटर घातला आणि ती निघाली. रविवारी संस्थेच्या शिस्तीप्रमाणे तो सोडा घालून उकळत्या पाण्यात धुतला, म्हणजे उवा राहत नाहीत. सोमवारी चौघडी करून पुन्हा खुंटीवर. घडी छान जमली होती, याचं तिला समाधानही होतं.

“स्वेटरचं एक वेळ सोडा,” काका म्हणाले. “पण दातांसाठी आलेलं लोकांचं सोनं इथे उघड्यावर असतं. का घेतलास विचारलं, तर म्हणते खुंटीवर होता.”

“खुंटीवरच होता, ताई,” हजर म्हणाली. “आणि मी परत आणला.”

ताईनं समजावायचा प्रयत्न केला. संस्थेत चाळीस स्वेटर फळीवर असतात, हाताला येईल तो घालायचा, धुऊन ठेवायचा. वाढदिवसाला मिळालेला फ्रॉकसुद्धा गुरुवारपर्यंत दुसरीच्या अंगावर असतो. या मुलीनं कुणाचं काही घेतलं नाही, कारण तिथे कुणाचं काही नसतंच.

वहिनींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. हजरला पॉलिश शिकवणाऱ्या त्याच, आणि अकरा आठवडे आपल्या डब्यातलं अर्धं देणाऱ्याही त्याच.

“खरं असेल सगळं,” त्या म्हणाल्या. “मग तुम्ही हिला शिकवलंत काय?”

त्याचा हिशेब ताईला तोंडपाठ होता. चाळीस तासांचं शिबिर. मुलाखतीत बसायचं कसं, अर्ज लिहायचा कसा, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं कसं. हे नव्हतं त्यात.

ताईनं खुणावलं तशी हजरनं हजेरीच्या आवाजात माफी मागितली. मग अगदी मनापासून म्हणाली, “वहिनी, दुसरा आणून देऊ? संस्थेत आहेत, याहून चांगले.”

वहिनींनी स्वेटर उचलला, पोटाशी धरला आणि त्या आत गेल्या. पॉलिशचं यंत्र बराच वेळ सुरू झालं नाही.

काका म्हणाले, आता ठेवता येणार नाही, पण मुलगी हुशार आहे, चांगलं पत्र देतो. ताईनं दोन आठवडे पदरात घालून सही मागितली. पण सही तीन महिने पुरे झाल्याची होती. ती खोटी कशी करू, म्हणाले. माणूस सरळ होता, हीच अडचण. वाकडा असता तर ताईनं वळवला असता.

ऑफिसात ताईनं फॉर्म काढला. काम सुटण्याचं कारण: आजारपण, लग्न, पगार, इतर. ‘इतर’पुढे एक ओळ जागा होती. ताईनं ‘इतर’वर खूण केली, ओळ कोरीच ठेवली आणि फॉर्म सहीसाठी पुढे सरकवला, वर आपलं पेन. हिरवं पेन, ताईच्या स्वतःच्या मुलीनं पहिल्या बक्षिसाच्या पैशांतून आणून दिलेलं, टोपण तिनंच चावलेलं.

हजरनं वळणदार अक्षरात सही केली. टोपण लावलं, कागद टेबलाच्या कडेशी सरळ केला आणि पेन आपल्या पिशवीत टाकलं.

“आता मी कुठे हजर व्हायचं, ताई?”

ताईनं तोंड उघडलं. ‘ते माझं आहे.’ तीनच शब्द, आणि शिकवायचे तर आत्ताच. ते काही निघेनात.

हजर दारापाशी जाऊन उभी राहिली होती, परवानगी मिळेपर्यंत.

“जा,” ताई म्हणाली.