पंधराचा पाना

गोणपाट पसरून झालं, तरी थोरला आणि धाकटा एकमेकांकडं बघत नव्हते. एक डाव्या कडेला उकिडवा बसला, एक उजव्या. मधे चाळीस वर्षांची हत्यारं मांडलेली. आणि मला बसवलं होतं पंच म्हणून.

मी शिंपी. सायकलवाल्या मिस्त्रींच्या आणि माझ्या दुकानात भिंत एकच आहे; थोरला आणि धाकटा ही त्यांची पोरं. तिकडं हातोडी पडली की इकडं माझ्या कात्र्या हलतात. त्यामुळं त्या घरातलं मला न कळलेलं काही नाही, आणि नको ते तर सगळ्यात आधी कळलेलं आहे.

झालं होतं ते असं. त्याच्या वीस दिवस आधी गवळ्याची सायकल दुरुस्तीला आली होती. थोरल्यानं चेन बदलली, धाकट्यानं ब्रेक बसवले. गवळी सायकल घेऊन गेला आणि उतारावर मागचं चाक तिरकं होऊन फ्रेममध्ये अडकलं. दुधाच्या किटल्या एकीकडं, गवळी एकीकडं. गुडघ्याची वाटी फुटली. लोकांनी उचलून आणला तेव्हा मागच्या चाकाचा नट बोटानं फिरत होता.

नट कोणी आवळला होता? थोरला म्हणे धाकट्यानं, धाकटा म्हणे थोरल्यानं. थोरल्यानं तर गवळ्याच्या दारात, सगळ्यांदेखत सांगितलं, "माझ्या भावाचा हात ढिला आहे, माफ करा." धाकट्यानं त्या दिवसापासून घरात पाणीसुद्धा स्वतःच्या हातानं घेऊन प्यायला सुरुवात केली. वीस दिवस दोघं एकाच दुकानात पाठीला पाठ लावून बसले. दुकानाचं म्हणाल तर आधीच मेल्यासारखं झालं होतं. नवा मोठा रस्ता दोन कोसांवरून गेला, आणि आमच्या जुन्या फाट्यावर उरली ती लाल धूळ आणि बाभळीचे काटे. काट्यांनी तरी किती जणांचं पोट भरावं?

शेवटी दोघांनी ठरवलं, वेगळं व्हायचं. आपापल्या सायकलीवर पिशवी लावायची आणि नव्या रस्त्यावर जाऊन जिथं सायकल बंद पडेल तिथं दुरुस्त करायची. एक घाव दोन तुकडे.

आदल्या दिवशी मिस्त्री बटण लावून घ्यायच्या निमित्तानं माझ्याकडं आले. बटण चांगलं जागेवर होतं.

"शिंपीबुवा, उद्या तुम्ही बसा मधे," ते म्हणाले.

"मला कशाला ओढता? आपलेच दात, आपलेच ओठ."

"बसा हो. मी युक्ती केली आहे. सरसकट वाटणी नाही करायची. एक वस्तू त्यानं उचलायची, एक यानं. रागात आहेत दोघं. हा पंप उचलेल, तर तो मुद्दाम पंपाच्या आतला वायसर उचलेल. दोघांच्या पिशव्या लंगड्या होतील. चार दिवस रस्त्यावर नुसते एकमेकांची तोंडं आठवत बसतील आणि येतील परत एकत्र."

म्हातारा हसला. वीस दिवसांत पहिल्यांदा हसला. मी पण हसलो, पण मला आतून काही ते बरं वाटलं नाही. कारण गवळ्याची सायकल गेली त्या दुपारी पोरं जेवायला घरी गेली होती, आणि मी दारातल्या मशीनवर बसून बघत होतो. गवळी घाई करत होता. मागच्या चाकाचे दोन्ही नट मिस्त्रींनी स्वतः आवळले होते.

हे मला माहीत होतं, मिस्त्रींना माहीत होतं. आम्ही दोघांनीही मिठाची गुळणी धरली होती. पोरं गुन्हेगार शोधत होती, काखेत कळसा आणि गावाला वळसा. मला मिस्त्रींची चीड यायची. मग त्यांचे थरथरणारे हात दिसायचे आणि कीव यायची. शेवटी मी कापड कापत राहायचो.

तर असं ते गोणपाट. सकाळचं कोरडं वारं सुटलेलं, धूळ उडून हत्यारांवर बसत होती. मिस्त्रींनी उचलायच्या आधी नियम सांगितला.

"दुकानातलं हत्यार वेगळं आणि रस्त्यावरचं वेगळं. लोखंड पकडायचा जड शेगडा इथंच राहील, तो उचलून कोणी फिरत नाही. जे घ्याल ते दगडावर आपटून बघा. वाकलं तर ठेवून द्या. चकचकीत बघून भुलू नका, चकचकीत वस्तू पहिल्या नटाला तोंड वासते. आणि पिशवी एवढीच भरा की ती लावून सायकलवर टांग टाकता आली पाहिजे."

"माहीत आहे, आबा," थोरला म्हणाला. "पहिलं मी घेतो. मोठा मी आहे."

त्यानं लाकडी मुठीचा पंप उचलला.

धाकट्यानं एक क्षण विचार केला नाही. पंपाचे कातडी वायसर ठेवलेली डबी होती, ती त्यानं खिशात घातली.

"आता मार हवा," तो पंपाकडं बघत म्हणाला.

मिस्त्रींनी माझ्याकडं बघून डोळा बारीक केला. थोरल्यानं टायर उचकटायच्या तिन्ही पट्ट्या घेतल्या. त्या मिस्त्रींनी मोटारीच्या स्प्रिंगच्या मोडक्या पाट्यापासून ठोकून केलेल्या होत्या, हत्तीनं पाय दिला तरी वाकणार नाहीत अशा. धाकट्यानं रबराचा तावच्या ताव उचलला.

"पट्ट्यांनी टायर काढ आणि बस बघत. ठिगळ कशाचं लावशील? चपलेचं?"

"चपलेचं लावीन, पण तुझ्याकडं मागणार नाही," असं म्हणत थोरल्यानं सोल्यूशनच्या दोन्ही नळ्या उचलल्या.

"दोन वस्तू झाल्या," धाकटा म्हणाला. "काका, तुम्ही पंच आहात ना?"

"एकाच डब्यात होत्या," मी म्हणालो. पंचाचा पहिला निकालच असा लुळा.

मग धाकट्यानं कानस घेतली, म्हणजे ट्यूब खरवडायला थोरल्याकडं काही राहू नये. थोरल्यानं चेनची पिन ठोकून काढायचा टोचा घेतला, धाकट्यानं लगेच हातोडी घेतली. आरे आवळायची चावी एकाकडं, जादा आरे दुसऱ्याकडं. जत्रेत दोन पोरांनी एकच खेळणं ओढावं तसं चाललं होतं, फक्त ही पोरं तिशीच्या पुढची होती. मिस्त्री मात्र खूश होते. दोन्ही पिशव्या मनासारख्या लंगड्या होत चालल्या होत्या.

मग धाकट्याची नजर खिळ्याकडं गेली. दुकानाच्या दाराशी खिळ्याला मिस्त्रींचा स्वतःचा पाना टांगलेला असायचा. पंधराचा. त्यांच्या उस्तादानं दिलेला, काळा पडलेला, मधे हात घासून गुळगुळीत झालेला. तो दुसरं कोणी वापरत नसे.

"तो पण आणा खाली," धाकटा म्हणाला.

"तो माझा आहे," मिस्त्री म्हणाले. "तो वाटणीत नाही."

"वाटणी म्हणजे सगळ्याची. माझी पाळी आहे, मला तोच हवा. इथल्या कुठल्याही पान्यापेक्षा त्याचं पोलाद कडक आहे. हजार वेळा दगडावर पडला असेल, कधी वाकला नाही."

"दुसरा घे रे. चांगला नवा पंधराचा पाना आहे तो बघ गोणपाटावर."

"नको, हाच हवा," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज जरा बदलला. मला वाटतं त्या क्षणी त्याला पाना नको होता, आबांचं काहीतरी सोबत हवं होतं. पण ते सरळ बोलायची त्या घराला सवय नाही.

त्यानं उठून पाना काढलाच. माझी सायकल तिथं उभी होती. तिच्या मागच्या नटाला लावून त्यानं जोर दिला. पाना सटकला आणि त्याच्या बोटांची साल निघाली. पुन्हा लावला, पुन्हा सटकला. त्यानं पान्याचं तोंड उजेडाकडं धरलं. जबडा आतून झिजून गोल झाला होता.

थोरला उठून आला. वीस दिवसांत पहिल्यांदा तो भावाच्या शेजारी उभा राहिला. त्यानं नवीन पान्यानं माझ्या सायकलचा नट सैल केला आणि मग मिस्त्रींच्या पान्यानं आवळला. सावकाश, शेवटपर्यंत.

"हाताला तर आवळल्यासारखा वाटतो," तो म्हणाला. मग त्यानं दोन बोटांनी नट फिरवला. नट फिरला.

वाऱ्यानं गोणपाटाचं एक टोक उलटलं, तेवढं मी पायानं दाबून धरलं.

थोरल्यानं मला विचारलं, "काका, तुम्ही शेजारीच बसता. त्या दिवशी गवळ्याचा नट शेवटी कोणी आवळला?"

मी मान खाली घातली. तेवढ्यानं भागलं.

"पाना तोच होता," मिस्त्री हळूच म्हणाले. "हात तोच होता. इतक्या वर्षांत कधी..."

"आबा, गवळ्याच्या दारात मी याचं नाव घेतलं," थोरला म्हणाला. "तुम्ही माझ्या शेजारी उभे होतात."

मिस्त्री गोणपाटाकडं बघत राहिले. मला वाटलं, आता तरी बोलतील. चुकलो म्हणतील, पोरं काय ते ओरडतील, रडतील, आणि गोणपाट गुंडाळून सगळे आत जातील. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण उघडलेली मूठ पुन्हा झाकत बसायची म्हाताऱ्याची धडपड मला बघवेना. ते म्हणाले, "चला, कोणाची पाळी आहे?"

थोरल्यानं आपली पिशवी ओतली. सोल्यूशनची एक नळी काढून धाकट्याच्या पुढं ठेवली. टायरच्या दोन पट्ट्या ठेवल्या.

"दोन लागतात कामाला," तो म्हणाला. "मला एक पट्टी आणि एक जुना चमचा पुरेल."

"चमचा वाकेल दादा. तू दोन ठेव, मला चमचा दे."

"घे म्हणतो ना."

धाकट्यानं वायसरची डबी उघडून निम्मे वायसर दादाला दिले. सायकलच्या चौकटीला अडकवायचा छोटा पंप अजून गोणपाटावर होता, तो थोरल्यानं त्याच्याकडं सरकवला. नवीन पंधराचा पाना धाकट्याकडं गेला. थोरल्यानं सगळ्या मापांची भोकं असलेला चपटा पाना घेतला. "मला हा चालतो, माझ्या मनगटात जोर आहे." रबराच्या तावाशी येऊन दोघं थांबले.

"काका, कात्री द्या."

माझी कात्री कापडाशिवाय कशाला लागलेली नाही. बायकोनं एकदा दोरी कापली तर मी दोन दिवस जेवलो नव्हतो. मी दिली. धाकट्यानं ताव बरोबर मधोमध कापला.

पाळी नाही, भांडण नाही. आधी तासभर चाललेलं काम चुटकीसरशी झालं. दगडावर आपटून, एकमेकांना दाखवून, हे मजबूत आहे, हे तू घे, असं करत दोघांच्या पिशव्या भरल्या. अशा भरल्या की कशाची म्हणून उणीव राहिली नाही. मी मिस्त्रींकडं बघितलं. त्यांना कळलं होतं. पोरांचा एकमेकांवरचा राग गेला होता, आणि आता परत यायला एकालाही कारण उरलं नव्हतं.

दोघांनी पिशव्या बांधल्या. टांग टाकून बघितली, पिशवी आड येत नव्हती. आबांनी शिकवलं होतं तसंच. घरातून निघताना माणूस 'येतो' म्हणतो. दोघांपैकी कोणीच म्हणालं नाही. रस्ता दुभंगतो तिथपर्यंत बरोबर गेले, तिथं थांबून काहीतरी बोलले, मग एक वर गेला आणि एक खाली.

गोणपाटावर दोनच वस्तू राहिल्या. ट्यूब बुडवायचं पाण्याचं घमेलं आणि झिजलेला पाना.

याला आता तीन महिने झाले. दोघांचं बरं चाललंय म्हणतात. थोरला नव्या रस्त्यावर खडीच्या खाणीजवळ बसतो, धाकटा बाजाराच्या पुलाखाली. मिस्त्री रोज सकाळी दुकान उघडतात, घमेलं भरतात आणि बसतात. कोणी वाटसरू ट्यूब घेऊन आला तर पाण्यात बुडवून बुडबुडे दाखवतात. "हे बघ, इथं भोक आहे," म्हणतात. बुजवायला त्यांच्याकडं काही नाही. मी एकदा म्हणालो, मी हत्यारं आणून देतो. ते म्हणाले, "हात कुठून आणाल?"

काल गवळी आला. काठी टेकत, सायकल ढकलत. पाय सरळ झालेला नाही आणि आता होणारही नाही.

"मिस्त्री, मागचा नट पुन्हा ढिला वाटतोय. आवळून द्या."

"माझ्याकडं पाना नाही," मिस्त्री म्हणाले.

पाना त्यांच्या डोक्यामागं खिळ्याला टांगलेला होता. गवळ्यानं त्याच्याकडं बघितलं, मग मिस्त्रींकडं. त्याला काय कळणार होतं? पोरांनी जाताना कोणापाशी अवाक्षर काढलेलं नव्हतं. बापाची लाज त्यांनी हत्यारांबरोबर पिशवीत भरून नेली होती.

"मग जातो खाणीकडं, थोरल्याकडं," गवळी म्हणाला. "पूल जवळ आहे, पण धाकट्याच्या हातावर आपला भरवसा नाही. एकदा पाय दिला, बास झालं."

मी मशीन थांबवलं. मिस्त्रींनी घमेल्यात हात घातला होता, तो तसाच पाण्यात राहिला. त्यांचं तोंड थोडं उघडलं. माझंही उघडलं असावं.

"हो," मिस्त्री म्हणाले. "थोरल्याकडंच जा."

गवळी काठी टेकत उन्हात निघाला. दोन कोस, तेही चढाचे. मी खाली मान घालून मशीन चालू केलं, आणि बराच वेळ शिवत राहिलो. नंतर कापड उचललं तर त्यावर नुसती सुईची भोकं होती. सुईत दोरा नव्हता.