कातरबाईचं मत

“हलू नका. टाचणी मानेत घुसली तर उद्या सभेत मान वळवता यायची नाही, आणि लोक म्हणतील, बाईंना गर्व झाला.”

नगरसभेच्या सदस्यबाई हसल्या आणि आरशासमोर ताठ उभ्या राहिल्या. कातरबाईने ओठांत धरलेल्या टाचण्यांतली आणखी एक काढून कोटाच्या मानेपाशी टोचली. राखाडी कोट होता, एके काळी चांगल्या कापडाचा. आता त्याच्या कॉलरच्या कडेला दोरे सुटले होते.

“या कॉलरचं काही होईल का गं?”

“उलटून लावते. आतली बाजू अजून कोरी आहे. कुणाच्या बापाला कळणार नाही.”

“मागच्या खेपेलाही असंच म्हणाली होतीस.”

“मागच्या खेपेला बाह्या होत्या. बाह्यांचा बाप वेगळा.”

इस्त्रीच्या टेबलामागून कातरबाईचा नवरा खुसखुसला. दुकान दोघांचं होतं. ती शिवायची, तो इस्त्री करायचा, आणि वाफेआडून अधूनमधून एखादा शेरा मारायचा. गल्लीत तिला सगळे कातरबाई म्हणत. ते कात्रीमुळे की जिभेमुळे, हे म्हणणारा कोण आहे त्यावर अवलंबून असे.

त्या काळी कपडा टाकून द्यायची रीत नव्हती. कोट जुना झाला की त्याची कॉलर उलटायची, मग बाह्या आखूड करायच्या, मग त्यातूनच मुलाचं जाकीट निघायचं. त्यामुळे कुणाच्या घरी कसं चाललंय हे शेजाऱ्याच्या आधी शिंप्याला कळे. कोण आतून कुठे ठिगळ लावून बाहेर ऐटीत फिरतं, हे कातरबाईला पाठ होतं. पण तिच्या सासऱ्यांनी, दुकान तिच्या हाती देताना, एकच गोष्ट बजावली होती: गिऱ्हाईकाचं अंग शिंप्याच्या पोटात राहिलं पाहिजे. बाकी कशावरही बोल, पण शिवायला आलेल्या कपड्यावर दुकानाबाहेर चकार शब्द नको. एवढी तिखट जीभ असूनही हा नियम तिने कधी मोडला नव्हता.

सदस्यबाई मूळच्या इस्पितळातल्या परिचारिका. गल्लीतलं उघडं गटार झाकून घेण्यासाठी नगरसभेचे उंबरठे झिजवता झिजवता लोकांनीच त्यांना निवडणुकीला उभं केलं आणि निवडून दिलं. गटार झाकलं गेलं. पण सभा भरायच्या भर दिवसा, आणि सभेला जायचं तर इस्पितळातली बिनपगारी रजा. सभेचं मानधन कधी काळी ठरलं होतं तेवढंच राहिलेलं. ज्यांचे कारखाने नाहीतर चाळी होत्या, त्या सदस्यांना त्याची फिकीर नव्हती. बाईंचा नवरा कधीच गेलेला, पदरात शिकणारी मुलगी. कोटाची कॉलर काही उगीच उलटत नव्हती.

तो कोट दुकानातच असताना सरकारी पाकीट आलं.

सदस्यांनी आपला पगार आपणच वाढवून घ्यायचा, हे लोकांना खुपत होतं. म्हणून नवा कायदा झाला होता. निवडून आलेल्या सदस्यांचं आणि न्यायाधीशांचं वेतन यापुढे एक स्वतंत्र आयोग ठरवणार. आयोगावर शिकले-सवरलेले चौघे, आणि पाचवा माणूस मतदारांतून चिठ्ठी टाकून काढलेला, अगदी साधा. चिठ्ठी कातरबाईची निघाली होती.

“आता आमची बायको न्यायाधीशांचं माप घेणार!” नवऱ्याने येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. “छाती फार फुगवू नका म्हणावं, कापड जास्त लागतं.”

गल्लीला तर उधाण आलं. बेकरीवाली पाव द्यायच्या निमित्ताने आली आणि पाव हातातच धरून बजावू लागली, “हे बघ, त्या सभेतल्या बोक्यांना आणखी लोणी चारलंस ना, तर माझ्या पोरींचे कपडे मी दुसरीकडे टाकीन. आधीच सांगून ठेवते.”

“आणि न्यायाधीशांना?”

“त्यांना दे बाई. त्यांच्याशी आपल्याला कशाला वाकडं?”

संध्याकाळी सदस्यबाई आल्या. पण आत आल्या नाहीत, पायरीखालीच उभ्या राहिल्या.

“माझा कोट दे. असेल तसा दे.”

“अहो, कॉलर नुसती टाचलीय. परवा न्या म्हटलं होतं ना.”

“तू आयोगावर आहेस. निकाल लागेपर्यंत मी इथे येणं बरोबर नाही. बाई माप द्यायला जातात आणि कानात सांगून येतात, असं व्हायला नको.”

“कोण म्हणेल असं? जीभ कापून ठेवीन त्याची.”

“कुणी म्हणणार नाही गं. माझंच मला बरं वाटायचं नाही.”

कातरबाईने कोट घडी करून दिला. बाई गेल्यावर तिने कात्री टेबलावर आपटली. “मोठी आली धुतल्या तांदळाची! म्हणजे मी काय कुणाच्या सांगण्यावर मत देणारी आहे? इतकी वर्षं हिच्या अंगावरचा टाका न् टाका माझ्या हातचा, आणि आज मी विटाळले?”

“तिचं बरोबर आहे,” नवरा म्हणाला.

“तुम्ही इस्त्री करा.”

पुढच्याच आठवड्यात सदस्यबाई समोरून सभेला जाताना दिसल्या. कॉलर त्यांनी घरीच शिवली होती. एका बाजूला चढली होती, दुसऱ्या बाजूला उतरली होती. कातरबाईला तो वेडावाकडा टाका बघवेना, आणि का बघवत नाही तेही कळेना. तिने मान फिरवली.

आयोगाच्या बैठका जुन्या ग्रंथालयाच्या वरच्या दालनात होत. अध्यक्ष निवृत्त प्राचार्य होते. मृदू आवाजाचे, बोलायच्या आधी चष्मा पुसणारे. त्यांच्या उजवीकडे एक वकीलबाई, आणि मग दोन हिशेबातले गृहस्थ, जे नेहमी एकमेकांच्या विरुद्ध मत देत. कातरबाईसाठी टोकाची खुर्ची. पहिल्या दिवशी ती खुर्चीच्या कडेवर बसली; तिसऱ्या बैठकीपर्यंत पाठ टेकवू लागली. चहा आला की अध्यक्ष आधी तिच्याकडे कप सरकवत. तिला ते आवडू लागलं होतं.

न्यायाधीशांचा विषय झटक्यात संपला. वकीलबाईंनी एकच गोष्ट मांडली. “समोर उभा असलेला पैसेवाला आणि आपलं थकलेलं घरभाडं, या दोन गोष्टी न्यायाधीशाच्या मनात एकाच वेळी असता कामा नयेत.” सगळ्यांनी माना डोलावल्या. कातरबाईनेही. वाढ एकमताने मंजूर.

मग सदस्यांचा विषय निघाला, आणि दालनातली हवाच बदलली. हिशेबातल्या एका गृहस्थांनी वर्तमानपत्रातली व्यंगचित्रं काढून दाखवली. दुसऱ्यांनी ऐकवलं, “सदस्यही भाडं भरतात. न्यायाधीशाला लावलेला न्याय त्यांना का नाही?” वकीलबाई म्हणाल्या, “लोक खवळले आहेत. आत्ता वाढ दिली तर आयोगावरचा विश्वासच उडेल. पुढच्या खेपेला बघू.” अध्यक्षांनी चष्मा पुसला.

“मला वाढ द्यावीशी वाटते,” ते म्हणाले. “पण आपण सगळे अंदाजानेच बोलतोय. सभेतला एकही माणूस आपली अडचण सांगायला इथे आला नाही. आपला पगार मागायला लाज वाटत असणार. इथे कुणाला एखाद्या सदस्याची खरी परिस्थिती ठाऊक आहे का? नाव नको. नुसतं सांगा, असे लोक सभेत आहेत का, ज्यांना याने फरक पडेल?”

सगळ्यांनी आपापल्या कपांकडे पाहिलं. मग, सवयीने, अध्यक्षांनी टोकाच्या खुर्चीकडे पाहिलं. “तुम्ही लोकांत असता. तुमच्या कानावर काही?”

कातरबाईच्या तोंडाशी आलं होतं. आहेत हो, एक आहे, एवढंच म्हणायचं होतं. नाव नको म्हणाले होते. कोटाचा उल्लेखही करावा लागला नसता. पण तिला आठवली पायरीखाली उभी राहिलेली बाई, आणि पाव हातात धरून दम देणारी बेकरीवाली, आणि दोन्हींच्या मधून सासऱ्यांचा आवाज. गिऱ्हाईकाचं अंग शिंप्याच्या पोटात.

“नाही,” ती म्हणाली. “माझ्या कानावर तसं काही नाही.”

मतं घेतली. दोन इकडे, दोन तिकडे. पाचवा हात कातरबाईचा. तिने तो वाढीच्या विरोधात वर केला. हात खाली घेताना तिच्या मनात आलं, आता कळेल धुतल्या तांदळाला. हा विचार डोळ्यांची पापणी लवावी इतकाच टिकला, पण तो आला होता. पुढे कित्येक वर्षं ती स्वतःला समजावत राहिली की आपण फक्त सासऱ्यांचा नियम पाळला. आणि दर वेळी ती पापणी लवायची.

आयोगाने निकाल जाहीर केला. कोणी कसं मत दिलं ते गुप्त राहायचं होतं, पण गल्लीला गुप्त काय! बेकरीवालीने फुकट केक पाठवला. “आमच्या बाईने वाघाच्या तोंडातला घास काढला,” असं ती सगळ्यांना सांगत सुटली. कातरबाईने केक नवऱ्याला दिला.

“तू खात नाहीस?”

“गोड नको झालंय.”

नवऱ्याने तिच्याकडे बघितलं, केक बघितला, आणि तो फडक्यात गुंडाळून ठेवला. तो शहाणा माणूस होता. केक तसाच कडक झाला.

सदस्यबाई पुढच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या नाहीत. लोकांनी विचारलं तर म्हणाल्या, “पोरीचं शेवटचं वर्ष आहे, आता घराकडे बघते.” त्यांनी इस्पितळात कायमची रात्रपाळी घेतली. त्यांच्या जागी एक कंत्राटदार उभा राहिला. त्याने चौकात भाषण ठोकलं, “मी लोकांच्या पैशातली एक पैसुद्धा मानधन म्हणून घेणार नाही!” टाळ्यांचा कडकडाट झाला. कातरबाईच्या शेजारी उभी असलेली बेकरीवाली म्हणाली, “याला म्हणतात माणूस.”

निवडून आल्यावर त्याने मानधन घेतलं नाही, हे खरंच. इस्पितळामागचं मैदान घेतलं. तिथे दुकानांची रांग उठली, आणि त्या बांधकामात झाकलेलं गटार फुटलं ते फुटलंच. बेकरीवालीच्या दारात घाण पाणी आलं तेव्हा ती तक्रार घेऊन कंत्राटदाराच्या कचेरीत गेली. तिथल्या माणसाने तिला उभ्या उभ्या सांगितलं, साहेब फुकट काम करतात, त्यांना किती त्रास द्यायचा?

“मग काय केलंस?” कातरबाईने विचारलं.

“काय करणार? बाईंकडे जाते उद्या. सगळे तिकडेच जातात अजून.”

“अगं पण त्या आता सदस्य नाहीत.”

“म्हणून काय झालं?” बेकरीवाली म्हणाली. “अर्ज तर नीट लिहून देतात.”

दुसऱ्या दिवशी सकाळी कातरबाई दुकान नवऱ्यावर टाकून निघाली. काय बोलायचं ते तिने वाटेत ठरवलं, मोडलं, पुन्हा ठरवलं. सदस्यबाईंची खोली दुसऱ्या मजल्यावर होती, आणि जिन्यावर माणसं बसली होती. एक म्हातारा निवृत्तिवेतनाचे कागद मांडीवर घेऊन, एक बाई तान्हं मूल घेऊन, मग बेकरीवाली. बाई रात्रपाळीहून नुकत्याच आल्या होत्या. पायातले पांढरे बूटसुद्धा काढले नव्हते. दार उघडं टाकून त्या टेबलाशी बसल्या होत्या आणि म्हाताऱ्याच्या कागदांतून काहीतरी शोधत होत्या.

“अगं, तू?” त्यांनी मान वर केली. “ये, आत ये. तुझं काय अडलं?”

रांग सोडून आत जायला कातरबाईला जड गेलं. ती टेबलापाशी जाऊन उभी राहिली. हात कुठे ठेवावेत ते कळेना.

“बाई, त्या आयोगात मी...”

“थांब.” सदस्यबाईंनी पेन खाली ठेवलं. आवाज कडक नव्हता, थकलेला होता. “आयोगातलं आयोगात. मत गुप्त असतं. बाहेर सांगायचं नसतं.”

“पण तुम्हाला माहीत तरी आहे का मी...”

“मी कुणाला विचारलं नाही, आणि तू मला सांगायचं नाही. नाहीतर पुढच्या वेळी चिठ्ठीत ज्याचं नाव निघेल, त्याला मोकळेपणाने मत देता येईल का?” त्यांनी जांभई हातामागे लपवली. “दुसरं काही काम असेल तर सांग.”

कातरबाईला वाटलं होतं, त्या रागावतील. किंवा म्हणतील, जाऊ दे गं. दोन्हींसाठी ती तयार होऊन आली होती. ही तिसरी गोष्ट तिच्या ध्यानीमनी नव्हती.

“काम आहे,” ती कशीबशी म्हणाली. “पण घाई नाही. आधी त्यांचं होऊ द्या.”

ती बाहेर आली आणि जिन्याच्या अगदी खालच्या पायरीवर, रांगेच्या शेवटी बसली. वरून म्हाताऱ्याचा आवाज येत होता, मधेच बाईंचा. मूल रडलं, गप्प झालं. बेकरीवाली खाली उतरली, हातात लिहिलेला अर्ज, आणि “तुझं काय गं?” म्हणत थांबली, पण उत्तराची वाट न बघता गेली. रस्त्यावरून एक पोरगी आली आणि जिन्यापाशी घुटमळली.

“मावशी, तुमचा नंबर शेवटचा का?”

“हो,” कातरबाई म्हणाली आणि भिंतीकडे सरकली. “तू हो पुढे.”

पोरगी वर गेली. तिच्यामागून एक हमाल आला, मग दोघी बहिणी. प्रत्येकाने तेच विचारलं, आणि प्रत्येकाला तिने अंग चोरून वाट दिली. उन्हं जिन्याच्या तोंडाशी आली, तिच्या पावलांवर चढली. वर अजून पेन चालू होतं. कातरबाई शेवटचीच होती.