अकरा पेल्यांचं वजन

गल्लीत तिला सगळे सिस्टरच म्हणायचे. बाळंतिणींच्या वॉर्डात एकतीस वर्षं काढलेली बाई. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी ते नाव सुटलं नाही, आणि सवयी तर नाहीच नाही! आता हेच बघा ना, खिडकीत पेल्यांमध्ये लावलेल्या टोमॅटोच्या रोपांचाही तिने तक्ता केला होता. प्रत्येक पेल्याला नंबर. रोज सकाळी सातला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन, आणि पुढे शेरा: ‘तीन नंबर, मान टाकली.’ ‘सात नंबर, देठ बुडाशी काळा.’

हसू येतं ना? पण बी आईचं होतं. आई गेल्या वर्षी गेली आणि मागे औषधाच्या बाटलीत तेवीस बिया राहिल्या. असले टोमॅटो बाजारात मिळत नाहीत; आई दरवर्षी घरचंच बी धरायची. सिस्टरने तेवीसच्या तेवीस पेरल्या. चार मागे ठेवायला हव्या होत्या, हे शहाणपण नंतर सुचलं. उगवल्या फक्त अकरा. ही अकरा गेली की संपलं सगळं.

आणि ती जात होती. आधी एक आडवं झालं, मग एकाच दिवशी दोन. काल ताठ उभं असलेलं रोप सकाळी बुडाशी दोऱ्याएवढं बारीक होऊन मातीवर पडलेलं दिसायचं. वॉर्डात डॉक्टरांनाही दटावणारी ही बाई, पण सकाळी खिडकीशी जायच्या आधी डोळे मिटून घ्यायची.

शेवटी तिने रोपवाटिकेवाल्याला फोन लावला.

“पाणी किती घालता ताई?”

“सकाळी दोन चमचे. मोजून.”

“तेही बंद करा. वरची माती कोरडी होईपर्यंत थेंब नको. वर प्लॅस्टिक झाकलंय का? काढा ते. वारा लागू द्या. अहो, रोपं तहानेने कमी आणि लाडाने जास्त मरतात.”

सिस्टरने पाणी बंद केलं, प्लॅस्टिक काढलं. तिसऱ्या दिवशी सकाळी वजनं घेतली आणि लगेच पुन्हा एकदा घेतली. एक नंबरचा पेला काल एकशे बेचाळीस ग्रॅम होता, आज एकशे छप्पन्न! काटा बिघडला म्हणावं तर साखरेचा अर्ध्या किलोचा पुडा बरोबर अर्धा किलो दाखवत होता. सगळेच पेले जड झाले होते. आणखी दोन रोपं पडली होती. उरली सहा.

घरात माणसं दोनच, ती आणि तिचे वडील, अप्पा. म्हणजे पाणी कोण घालतं हे विचारायची गरजच नाही, उत्तर समोर होतं.

दुपारी ती गल्लीतल्या आजाऱ्यांच्या जखमांची पट्टी बदलायला जायची, ती पाचला परतायची. त्या दिवशी एकच घर करून ती सव्वातीनला आली आणि चपला हातात घेऊन दारातच थांबली. अप्पा एका हाताने खिडकीची चौकट धरून, दुसऱ्या हाताने पेल्यांत पाणी ओतत होते. ओतताना बोलत होते.

“तुझी लेक चमच्याने पाणी घालते गं. चमच्याने! औषध आहे का ते?”

“अप्पा!”

त्यांच्या हातातला तांब्या हिंदकळला.

“मी इथे आठवडाभर जीव टांगणीला लावून बसलेय, आणि तुम्ही? आईचं शेवटचं बी आहे ते! तुम्ही मारलीत ही रोपं, अप्पा, तुम्ही!”

शब्द तोंडातून गेला तो गेला. अप्पा हळूच स्टुलावर बसले. तांब्या त्यांनी मांडीवर घट्ट धरून ठेवला.

“तीनचा चहा झाला की तुझी आई म्हणायची, उठा, झाडांना पाणी घाला. चाळीस वर्षं म्हणायची. मला वाटलं, मी नाही घातलं तर सुकतील.” त्यांनी तांब्यात डोकावून बघितलं. “बरं. उद्यापासून नाही घालणार.” मग त्यांनी वर बघितलं आणि अगदी साधेपणाने विचारलं, “पण मग तीन वाजता मी काय करू?”

सिस्टरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अकरा पेल्यांचं ग्रॅम न् ग्रॅम तिला पाठ होतं, आणि तीन ते पाच हा माणूस घरात एकटा काय करतो, हे तिने वर्षभरात एकदाही विचारलं नव्हतं.

तिने तांब्या काढून घेतला आणि कालच्या वर्तमानपत्राची घडी त्यांच्या हातात दिली.

“वारा घाला. हळू. पानं नुसती हलली पाहिजेत. माती सुकवायचीय आपल्याला.”

अप्पांनी वारा घालायला सुरुवात केली. सहा रोपं थरथरत होती. त्यांतली उद्या किती उभी दिसतील, कोण सांगणार? सिस्टरने फोन घेतला आणि एकेका घरी कळवलं, “उद्यापासून पट्टी सकाळी बदलायला येईन. दुपारी जमणार नाही, घरी असते मी.”

“जोरात होतंय का गं?” अप्पांनी विचारलं.

“नाही अप्पा,” ती म्हणाली आणि दुसरं स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसली.