काराकातचं दार

ताईस्याचं पत्र आलं त्याला नऊ वर्षं झाली. मी उत्तर दिलं नाही. पत्र हरवलं नव्हतं. वाचनालयातल्या माझ्या टेबलाच्या खालच्या खणात ते होतं आणि वर्षातून तीन-चारदा मी ते काढून वाचत असे. पाठ झालं होतं तरी वाचत असे.

"वेन्याकाका," असं तिने लिहिलं होतं, "एकच विचारते. बाबा त्या दिवशी प्यायले होते का? आई म्हणते, प्यायले होते. सगळं गाव तेच म्हणतं. सकाळी तुम्हीच त्यांना शेवटचं भेटला होतात. तुम्ही जे लिहाल ते मी खरं मानीन."

त्या शेवटच्या वाक्यापाशी माझी नजर थांबायची. आजवर माझं म्हणणं न तपासता खरं मानणारी दोनच माणसं मला भेटली. एक ताईस्या, आणि दुसरा तिचा बाप, प्रोकोपी लोखोव. बापाचं काय झालं ते मी पाहिलं होतं.

मी या गावचा नव्हे. सव्विसाव्या वर्षी वोलोग्दाहून इथे शाळेत आलो, रेखाकला आणि भूमिती शिकवायला. शाळा बंद पडल्यावर वाचनालय माझ्याकडे आलं. गाव सुमोझेरो सरोवराच्या काठावर आहे. उन्हाळ्यात तीन बाजूंनी दलदल, हिवाळ्यात चारही बाजूंनी बर्फ. इथे रस्ता सोडला की कारखान्यातली गाडी चालत नाही, आणि जी चालते ती शहरातून शिकारीला येणाऱ्या साहेबांनाच परवडते. म्हणून आमचे लोक अंगणात स्वतःच गाडी बनवतात. जुनं इंजिन, पाइपांचा सांगाडा आणि चाकांच्या जागी लाकूड वाहणाऱ्या ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबा. तिला काराकात म्हणतात. ती चिखलावरून जाते, बर्फावरून जाते, आणि ट्यूबांमुळे पाण्यात तरंगते. दिसायला फार वाईट असते.

पंधरा वर्षांपूर्वी प्रोकोपीने आणि मी अशी एक बनवायला घेतली. त्याची एकच अट होती, विकत काहीही आणायचं नाही. बंद पडलेल्या गोठ्यातले गरम पाण्याचे पाइप कापून त्याने सांगाडा केला. आग विझवायच्या जुन्या नळ्यांच्या पट्ट्या काढून त्या ट्यूबांवर आवळल्या. इंजिन त्याच्या मेलेल्या मेव्हण्याच्या गाडीचं. बसायला गावच्या सिनेमा हॉलमधल्या दोन खुर्च्या, चौदा आणि पंधरा नंबरच्या. माझ्याकडे आकृत्या काढायचं, हिशेब करायचं आणि सांगेल ते धरून ठेवायचं काम होतं.

"मास्तर, तुझ्या पुस्तकात वेल्डिंग कसं करायचं ते आहे का?"

"आहे. पान एकशे—"

"मग पुस्तकालाच म्हणावं, ये आणि हा पाइप धर. तुझा हात थरथरतोय."

त्याची बायको ग्लाफिरा पायरीवर बटाटे सोलत बसलेली असायची. ती म्हणायची, "दोन म्हातारे आणि एक भंगार. तिघांतलं आधी काय मोडतंय ते बघायचं."

"आधी तुझी जीभ मोडो."

"माझी जीभ भंगारातनं आणलेली नाही. टिकेल."

ती असं बोलायची, पण खूश होती. त्याच्या चारेक वर्षं आधी, ताईस्याच्या लग्नात, प्रोकोपी पिऊन पाहुण्यांच्या पायात पडला होता. दुसऱ्या दिवशी ग्लाफिराने पेटी भरली. प्रोकोपीने कोपऱ्यातल्या देवाच्या तसबिरीसमोर उभं राहून शपथ घेतली, यापुढे एक थेंब नाही. तिने पेटी रिकामी केली. तेव्हापासून त्याच्या हाताला सतत काहीतरी काम लागायचं. काराकात हे त्यातलं सगळ्यात मोठं.

सप्टेंबरात आम्ही ती पाण्यात घातली. प्रोकोपी, मी, ग्लाफिरा आणि शेजारचे दोघे. मला पोहता येत नाही. मी डोळे मिटून खुर्ची नंबर पंधराला धरून बसलो. काठ सुटला, गाडी डुलली आणि तरंगली. ट्यूबा किती बुडतील ते मी आदल्या दिवशी खडूने आखून ठेवलं होतं. पाणी बरोबर त्या रेघेवर आलं.

"बघा!" प्रोकोपी ओरडला. "मास्तरनं पाण्यालासुद्धा रेघ आखून दिली!"

माझ्या आयुष्यात इतका आनंद मला फार वेळा झालेला नाही. तो गर्वही होता, हे आता कळतं.

हिवाळ्यात आम्ही मासेमारीला जाऊ लागलो आणि पहिल्याच फेरीत माझी छाती भरली. पंधरा दिवस खोकत होतो. प्रोकोपी बघायला आला, तो मोजपट्टी घेऊनच. म्हणाला, "केबिन करू. तू मेलास तर हिशेब कोण करणार?"

प्लायवूडची केबिन झाली. काचा मोडक्या बसच्या. दाराला आतून जाड लोकर लावली, आणि कडेने जुन्या फ्रिजच्या दाराचं रबर बसवलं. ते रबर मी सुचवलं. वारा तसूभर आत येत नव्हता. आतून एक आकडी. प्रोकोपीने दार दोन-तीनदा लावून पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"मास्तर, झकास आहे. पण बर्फावर हे लावायचं नाही."

"का?"

"का म्हणजे? बर्फावर दार लावत नाहीत."

हे इथे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. बर्फावरून जाताना गाडीचं दार उघडं ठेवायचं, नाहीतर काढूनच टाकायचं. बर्फ फुटला की उडी मारता आली पाहिजे. कितीही थंडी असो, कान गळून पडोत, दार उघडं. लावलेल्या दाराची गाडी दिसली की आमचे लोक म्हणतात, शहरातला दिसतोय किंवा प्यालेला.

पण मी पुस्तकातला माणूस. मी म्हटलं, "तो नियम बुडणाऱ्या गाड्यांचा. ही बुडूच शकत नाही." केबिनचं वजन, छपरावरच्या पेट्रोलच्या डब्यांचं वजन, दोन माणसं, सगळं धरून मी पुन्हा हिशेब केला. कागद त्याच्यासमोर ठेवला. तो वाचत नव्हता, फक्त माझ्या तोंडाकडे बघत होता.

"म्हणजे तरंगेल?"

"तरंगेल."

"नक्की?"

"प्रोकोपी, हे गणित आहे."

"बरं बाबा. तू म्हणतोस तर." त्याने आकडी लावली आणि आम्ही दोघे आत बसून हसलो.

बंद केबिनमध्ये श्वासाने काचा आतून गोठायच्या. त्यावरही उपाय मीच काढला, व्होडका आणि फडकं. बाटली मी माझ्या घरून दिली, कारण ग्लाफिराच्या घरात बाटली नव्हती. प्रोकोपीने ती खुर्चीमागे, हाताला लागणार नाही अशी अडकवली. काच पुसताना तो तोंड वळवून श्वास धरायचा. वास नको म्हणून. हे मी पुष्कळदा पाहिलं.

एप्रिलच्या मध्याला, बर्फ निघायच्या आधी, पलीकडच्या झोपडीतली जाळी आणायची होती. मीही जाणार होतो, पण खोकला उलटला. सकाळी आठला प्रोकोपी माझ्याकडे आला, दोन कप चहा आणि काल उरलेली माशाची वडी खाऊन गेला. माझ्याहून शुद्धीत होता. मग गाडी घेऊन माझ्या घरासमोरून जाताना त्याने दार उघडं ठेवलं होतं. सवयच ती. वारा सुटला होता. मी पायरीवरून ओरडलो, "दार लाव रे! कशाला केलंय ते?"

"हो आई!" तो ओरडला, दार ओढून घेतलं, आणि आतून आकडी लावल्याचं मला दाखवलं.

नदी जिथे सरोवराला मिळते तिथे बर्फ पातळ होता. कोळ्यांनी दुपारी गाडी पाहिली. ती तरंगत होती, माझ्या हिशेबाप्रमाणे. चाकं वर होती आणि केबिन पाण्याखाली.

मी गाडी तरंगेल का एवढंच मोजलं होतं. सरळ तरंगेल का हे मोजलं नव्हतं. सप्टेंबरात केबिन नव्हती, छपरावर डबे नव्हते. वजन वर गेलं की तरंगणारी वस्तू उलटते, हे मी तेरा वर्षांच्या मुलांना लाकडी ठोकळा आणि खिळा घेऊन शिकवत असे.

रस्ते वितळले होते, त्यामुळे त्याला शवविच्छेदनासाठी जिल्ह्याच्या इस्पितळात नेणं झालं नाही. गावच्या नर्सने "बुडून मृत्यू" एवढंच लिहिलं. जिल्ह्याचा पोलीस काठाकाठाने कसाबसा आला आणि वाचनालयातच बसला, कारण तिथे शेगडी होती. तरुण होता, पण आमच्याच भागातला.

"दार आतून लावलेलं," तो म्हणाला. "खुर्चीमागे बाटली, अर्धी रिकामी. एप्रिलमध्ये, बर्फावर. मास्तर, इथला जन्मलेला माणूस शुद्धीत असताना दार लावील?"

मी शेगडीत एक लाकूड सारलं.

"सकाळी तुमच्याकडे आला होता ना? प्याला होता?"

ग्लाफिरा दाराशी उभी होती. डोक्यावरचा रुमाल सुटून खांद्यावर आला होता. ती माझ्याकडे बघत होती. मला फक्त "नाही" म्हणायचं होतं. पण पुढचा प्रश्न मला दिसत होता, मग दार का लावलं? आणि त्याच्या पुढचा, त्याला कोणी सांगितलं?

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

पोलिसाने मान हलवून लिहिलं. ग्लाफिरा म्हणाली, "चार वर्षं. चार वर्षं मी त्याला सांभाळलं," आणि निघून गेली.

तिने त्याचा फोटो भिंतीवरून काढला. वर्षश्राद्धाला जेवण घातलं, पण मेलेल्याच्या नावाने भरलेला पेला मांडायची इथली रीत, तो मांडला नाही. वसंतात सगळं गाव कबरींवर रंगीत अंडी ठेवायला जातं, तेव्हा ती आईच्या कबरीपर्यंत जायची आणि तिथूनच परत फिरायची. प्रोकोपीच्या कबरीवर अंडं मी ठेवत असे. लोकांना वाटायचं, केवढी मैत्री.

दर गुरुवारी ती पुस्तक बदलायला यायची. चौदा वर्षं, दर गुरुवारी. मी तारखेचा शिक्का मारायचो. कधी ती म्हणायची, "मास्तर, तुमचा हात अजून थरथरतो." मी म्हणायचो, "वय झालं." सांगायला तोंड उघडायचो आणि विचारायचो, "पुढचा भाग देऊ?"

मग यंदाच्या सप्टेंबरात ती गुरुवार नसताना आली. चार पुस्तकं टेबलावर ठेवली आणि उभीच राहिली.

"खातं बंद करा. ताईस्या न्यायला आलीये. उद्या निघतो."

"कायमच्या?"

"गुडघे गेले. लाकडं कोण फोडणार? तिच्याकडे गरम पाणी नळाला येतं." तिने रुमाल घट्ट केला. "तिला सांगून ठेवलंय, मला तिकडेच पुरायचं. इथे त्याच्या शेजारी नको. मरताना ज्याने माझ्याऐवजी बाटली धरली, त्याच्याजवळ मी कशाला पडू?"

"ग्लाफिरा," मी म्हणालो.

"काय?"

शहात्तर वर्षांचा मी, तिची चार पुस्तकं एकावर एक नीट रचत बसलो.

"प्रवासात गरम कपडे घाला," मी म्हणालो.

"तुम्ही नेहमीच असले," ती म्हणाली, आणि वाईट वाटू नये म्हणून माझ्या बाहीवर थोपटलं. ताईस्या बाहेर गाडीशी होती. तिने खिडकीतून मला पाहिलं, पण आत आली नाही. नऊ वर्षं उत्तर न देणाऱ्याकडे कोण येईल?

त्या गेल्यावर मी लिहायला बसलो. पहिलं पत्र सहा पानांचं झालं. त्यात गुरुत्वमध्य होता, आकृती होती, माझी छाती होती, सप्टेंबरातली ती खडूची रेघही होती. वाचून पाहिलं तर मी स्वतःची वकिली केली होती. फाडलं. दुसऱ्यात मी स्वतःला इतकं हीन म्हटलं होतं, की वाचणाऱ्याला माझंच सांत्वन करावं लागलं असतं. तेही फाडलं. असे अकरा दिवस गेले. रोज वाटायचं, आता काय उपयोग, आता उशीर झाला, मग लगेच ग्लाफिराच्या कबरीची जागा आठवायची. ती अजून ठरायची होती.

शेवटी एवढंच लिहिलं:

"ताईस्या, तुझे वडील त्या दिवशी प्याले नव्हते. सकाळी ते माझ्याकडे चहा पिऊन गेले. चार वर्षांत त्यांनी एक थेंबही घेतला नाही, हे मला माहीत आहे. बाटली माझी होती, काच पुसायला दिलेली. बर्फावर दार लावायचं नाही असं ते म्हणत होते. गाडी बुडणार नाही असा हिशेब मी करून दिला आणि दार लावायला मी सांगितलं. हिशेब चुकीचा होता. पोलिसाने विचारलं तेव्हा मी माहीत नाही म्हणालो, कारण मला भीती वाटली. तुझ्या आईने शपथ मोडणाऱ्याशी संसार केला नाही. हे पत्र आईला वाचून दाखव. गावात कोणालाही दाखवलंस तरी चालेल. तू लिहिलेलं पत्र मला वेळेवर मिळालं होतं. — वेनियामिन सुखारेव."

टपाल कचेरी आता मंगळवार आणि शुक्रवारीच उघडते. मी मंगळवारी जाऊन परत आलो. शुक्रवारी पुन्हा गेलो. खिडकीत झिनाईदा बसते, माझीच जुनी विद्यार्थिनी. तिला भूमितीत मी दोनदा नापास केलं होतं.

"मास्तर, आणि पत्र?" तिने पाकीट उलटंसुलटं केलं. "अहो, हल्ली फोन असतो. ताईस्याचा नंबर आहे माझ्याकडे, लावून देऊ?"

"नको. पत्रच."

"साधं की रजिस्टर?"

"रजिस्टर."

"अगं बाई! काय लिहिलंय एवढं? मागणी घातलीत की काय ग्लाफिरामावशीला?" ती हसली, मग माझ्याकडे पाहून हसायची थांबली. तिकीट लावलं, शिक्का मारला, पावती माझ्यासमोर सरकवली.

"झिना," मी विचारलं, "समजा कोणाला परत हवं झालं, तर मिळतं?"

"टपालाची गाडी बाराला येते. तोवर अर्ज लिहून मिळतं." ती थांबली. "देऊ का परत?"

भिंतीवरच्या घड्याळात सव्वाअकरा झाले होते. मी बाकावर बसलो. झिनाईदाने मला चहा दिला आणि काही विचारलं नाही. बाराला पाच कमी असताना ड्रायव्हर आला, बुटांचा चिखल दारातच झटकला, पिशवीचं तोंड आवळलं आणि ती खांद्यावर टाकून निघाला. मी त्याच्यासाठी दार उघडून धरलं.