काकांचा सेंट

पाण्याच्या बिलांच्या कार्यालयात एक हेडक्लार्क होते. त्यांना सगळे काका म्हणत. शिपाई म्हणे, कॅशियरबाई म्हणत, आणि बिल भरायला आलेली, त्यांच्यापेक्षा वयाने चांगली मोठी माणसंसुद्धा खिडकीत डोकं घालून "काका, जरा बघता का?" म्हणत. काकांना हे अजिबात आवडत नसे. पण त्यांनी तसं कधी कुणाला सांगितलं नाही, कारण त्या कार्यालयात कुणी कुणाला तोंडावर काही सांगायची पद्धतच नव्हती. काही सांगायचं असेल तर ते कागदावर लिहायचं, त्यावर सही-शिक्का उमटवायचा आणि फलकावर लावायचं, म्हणजे ते सर्वांना सांगितल्यासारखं होई आणि कुणालाच सांगितल्यासारखं होत नसे.

उन्हाळा सुरू झाला तेव्हा काकांची मेहुणी कुठल्याशा बेटावर फिरून आली. येताना तिने काकांच्या मुलीसाठी सेंटची बाटली आणली. पिवळी बाटली, वर नारळाचं झाड, झाडाला झोपाळा. मुलीने एकदा मनगटावर मारून पाहिला आणि नाक मुरडलं.

"शी! मावशीला काय वाटलं, मी बिस्किट आहे?"

बाटली बेसिनवरच्या फळीवर जाऊन पडली. एके दिवशी दाढी झाल्यावर काकांनी सहज ती उचलली आणि हनुवटीखाली एक फवारा मारला. गार वाटलं. मग एक शर्टावर मारला, एक रुमालावर. वर चढलेल्या उन्हातून ते कार्यालयात पोहोचले तेव्हा काउंटरवर नव्याने लागलेली मुलगी मान वर करून म्हणाली, "किती छान वास येतोय! कुणी खोबऱ्याची बिस्किटं आणलीत का?"

काकांनी यातलं पहिलंच वाक्य ऐकलं. दुसरं त्यांच्या कानापर्यंत गेलंच नाही.

त्या दिवसापासून काका रोज सेंट लावू लागले. भांग दुसऱ्या बाजूने पाडू लागले. दोन नवे शर्ट शिवून आले. काउंटरवरच्या मुलीचा स्क्रीन बघायला ते आधी दिवसातून एकदा जात, आता तासातासाला जाऊ लागले. त्यांच्या मनात वावगं काही नव्हतं. आपण कुणाचे काका नाही, एवढंच तिला कधीतरी आपणहून कळावं, अशी त्यांची साधी अपेक्षा होती.

आता त्या हॉलचं सांगायला हवं. हॉलमधला एसी बंद पडलेला होता आणि तो दुरुस्त करणारा माणूस रोज उद्या येत होता. बाहेर रस्ता खणून ठेवला होता, त्यामुळे धुळीपायी खिडक्या बंद. साहेबांच्या केबिनचा एसी तेवढा चालू, आणि केबिनचं दारही बंद. सकाळी सेंट सुसह्य असे. पण दुपार झाली की तो तापायचा. त्यात नारळ होता, अननस होता, व्हॅनिला होती, खाली कुठेतरी गोडसर तेल होतं, आणि या सगळ्यात काकांचा प्रामाणिक घाम मिसळला की शेजारी कुणीतरी केकवर बूट काढून ठेवलेत असं वाटायचं. लोक बिल भरायचे आणि सुट्टे पैसे न घेताच पळायचे.

काउंटरवरच्या मुलीचं तर सगळंच अवघड होऊन बसलं. काका तिच्या खांद्यावरून वाकले की ती श्वास रोखून धरी आणि लालबुंद होई. काकांना ते दिसे. ते मनातल्या मनात म्हणत, पोरगी लाजते आहे.

शेवटी ती मुलगी, कॅशियरबाई आणि शिपाई असे तिघं साहेबांकडे गेले. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मग सांगा ना त्यांना," साहेब म्हणाले.

"आम्ही कसं सांगणार?" कॅशियरबाई म्हणाल्या. "ते सीनियर आहेत."

"आणि मी कसं सांगू? मी तर त्यांच्याहून सीनियर आहे. त्यांना किती लागेल!" साहेबांनी पेनचं टोपण काढलं. "आपण परिपत्रक काढू. कर्मचाऱ्यांनी उग्र वास शक्यतो टाळावा, असं."

कार्यालयातली सगळी परिपत्रकं काकाच लिहीत, म्हणून हेही काकांकडेच गेलं. साहेबांना वाटलं, लिहिता लिहिता माणसाच्या डोक्यात प्रकाश पडेल. काकांनी मसुदा लिहून आणला आणि खुर्ची ओढून बसले.

"साहेब, फार बरं केलंत. मी कधीचा म्हणणार होतो. फक्त तुम्ही सांगितलेला तो 'शक्यतो' मी काढलाय. फार मिळमिळीत वाटत होता."

"काढलात?" साहेब म्हणाले.

"काढला. त्याजागी 'कोणत्याही परिस्थितीत' घातलंय."

परिपत्रक फलकावर लागलं आणि ज्याने त्याने ते स्वतःवर ओढून घेतलं. वसुली कारकुनाने बूट दाराबाहेर काढायला सुरुवात केली आणि दिवसभर मोज्यांवर फिरू लागला. मीटर वाचणाऱ्या दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं, कारण तक्रार दुसऱ्यानेच केली अशी दोघांचीही खात्री होती. स्टोअरकीपर डब्यातली उकडलेली अंडी जिन्यात उभा राहून गिळू लागला. तक्रार करायला स्वतः गेलेला शिपाईसुद्धा घाबरला आणि त्याने डोक्याला तेल लावायचं बंद केलं. न जाणो, साहेबांनी एका दगडात दोघांना टिपलं असेल!

नारळ होता तिथेच होता.

मग साहेबांनी दुसरी युक्ती काढली. वास निवारण समिती नेमली आणि अध्यक्ष काकांना केलं. कॅशियरबाई म्हणाल्या, "साहेब, हे काय केलंत?" साहेब म्हणाले, "बघा तुम्ही. अध्यक्ष झाला की माणूस आधी स्वतःकडे बघतो."

अध्यक्ष झाल्यावर स्वतःकडे बघणारा माणूस साहेबांनी कुठे पाहिला होता, देव जाणे. काकांनी मात्र असा अध्यक्ष आजवर पाहिला नव्हता. ते रोज दुपारी फेरी काढू लागले, आणि अध्यक्षाने जरा ताजंतवानं दिसावं म्हणून फेरीआधी प्रसाधनगृहात जाऊन दोन फवारे जास्तीचे मारू लागले. नारळ त्यांच्या नाकाला इतका सवयीचा झाला होता की तो त्यांना येतच नसे. त्यामुळे नाक इतरांच्या कामाला अगदी मोकळं राहिलं होतं. त्यांनी वसुली कारकुनाचे मोजे पकडले. जिन्यात जाऊन अंडी पकडली. आणि एक दिवस ते कॅशच्या खिडकीपाशी थबकले.

"बाई, हा बाम."

"गुडघ्यांसाठी आहे, काका. तीन मजले चढून येते मी."

"गुडघे तुमचे आहेत, बाई. हवा सगळ्यांची आहे."

कॅशियरबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. एवढ्या जवळून बघताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. काकांना वाटलं, आपले शब्द लागले. त्यांनी समजुतीच्या सुरात "तसं मनाला लावून घेऊ नका" म्हटलं आणि बामची डबी उचलून आपल्या खणात ठेवली. त्या दिवसापासून बाई कठड्याला धरून, एकेका पायरीवर थांबत वर येऊ लागल्या, आणि तरीही कुणी काही बोललं नाही.

कडाक्याचं ऊन पडलं होतं त्या दिवशी खिडकीसमोर रांग लागली होती. काका फेरी काढत काउंटरवर आले, मुलीच्या खांद्यावरून वाकले आणि हवेत हुंगत म्हणाले, "इथे काहीतरी येतंय हं."

मुलगी खुर्चीतून उठली, कचऱ्याची टोपली ओढली आणि रांगेदेखत भडाभडा ओकली.

"कोण? कुणी काय आणलंय?" काका कडाडले. "आत्ताच्या आत्ता सांगा! समितीचा अध्यक्ष म्हणून विचारतोय मी!"

मुलीने तोंड पुसलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती नवी होती. पद्धत अजून तिच्या अंगी पुरती मुरली नव्हती.

"तुम्ही, काका," ती म्हणाली. "तुमचा वास येतो. तो नारळाचा सेंट. मला दिवस गेलेत आणि रोज दुपारी तुम्ही येऊन अंगावर वाकता. नाही सहन होत मला. कुणालाच नाही होत."

रांगेतून एक गृहस्थ म्हणाले, "सुटलो बुवा! मी मागच्याच बिलाला म्हणणार होतो."

काकांनी केबिनकडे पाहिलं. साहेब दारात उभे होते.

"तसं व्यक्तिशः कुणाबद्दल काही नाही," साहेब म्हणाले. "परिपत्रक सर्वांसाठीच होतं." आणि त्यांनी दार लावून घेतलं.

काका त्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आले. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती.

"अहो, इतक्या लवकर?"

"माझा वास येतो का?"

"येतो की. तुम्ही खालच्या मजल्यावर असता तेव्हाच कळतं."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

तिने हातातल्या चादरीची घडी पुरी केली. "अंघोळीला जाताना गुणगुणायला लागला होतात. लग्न झालं तेव्हा गुणगुणायचात, त्यानंतर एकदम आत्ताच. म्हटलं, वासाचं काय, खिडकी उघडली की जातो. तुम्ही परत कधी गुणगुणाल, त्याचा काही नेम नाही."

आतल्या खोलीतून मुलीचा आवाज आला, "बाबा, मी सांगणार होते. पण आईने गप्प बसवलं."

काका बाटली बेसिनमध्ये ओतायला निघाले, तर बायकोने हात धरला. "ओतू नका हो, पंधरा दिवस तोंड धुता येणार नाही इथे." तिने ती तीन पिशव्यांत गुंडाळून स्वतः कचऱ्याच्या गाडीत टाकली.

दुसऱ्या दिवशी काका नुसते साबणाने अंघोळ करून कार्यालयात गेले. खणातली डबी काढून त्यांनी कॅशच्या खिडकीवर ठेवली.

"बाई, हा तुमचा बाम. चुकलं माझं."

"ठेवा तिथे," बाई म्हणाल्या आणि नोटा मोजत राहिल्या. त्यानंतर त्या काकांशी कामापुरतंच बोलल्या. काउंटरवरच्या मुलीपुढेही काका उभे राहिले, पण चार हात लांब.

"तुला फार त्रास झाला ना?"

"नाही काका. म्हणजे, हो. पण आता ठीक आहे, काका."

दोनदा काका. ते आपल्या जागेवर जाऊन बसले.

प्रकरण इथे मिटलं असतं, पण साहेबांनी वरच्या कार्यालयाला अहवाल पाठवला. समिती नेमल्यापासून वासाविषयीच्या तक्रारी पूर्णपणे थांबल्या असून याचं श्रेय अध्यक्षांच्या अथक परिश्रमांना जातं, असं त्यात लिहिलं होतं. एक शब्दही खोटा नव्हता. वरचे लोक खूश झाले. प्रत्येक शाखेत अशी समिती हवी आणि या अध्यक्षांनी जाऊन मार्गदर्शन करावं, असा हुकूम आला.

"साहेब, पण खरं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे," काका म्हणाले.

"ते आपल्यातलं झालं. वर असं कळवत नाहीत. बसचं भाडं मिळेल तुम्हाला."

काका बसने पहिल्या शाखेत गेले. तिथले व्यवस्थापक स्वागताला दारातच उभे होते, आणि त्यांच्याआधी त्यांचा वास पुढे आला. गुलाब, त्यात कापूर, त्यात काहीतरी पॉलिश केलेल्या लाकडासारखं. काकांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. व्यवस्थापकांच्या पाठीमागे सगळा स्टाफ रांगेत उभा होता. बुडणाऱ्यांनी होडीकडे बघावं तसे ते काकांकडे बघत होते. एका बाईंनी तर काकांना डोळ्यांच्या खुणेने व्यवस्थापक दाखवलेही.

केबिनमध्ये बसल्यावर काकांनी मनाचा हिय्या केला. "साहेब, स्पष्टच बोलतो. तुमच्या शाखेत वास येतोय."

"येतोय ना?" व्यवस्थापकांचा चेहरा उजळला. "अहो, माझाच आहे तो! सगळे विचारतात मला. कालच आमच्या रेकॉर्डच्या बाई म्हणाल्या, साहेब, घरी गेलं तरी हा वास काही जात नाही. आता बोला!"

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. साठीला आलेला माणूस, कडक इस्त्री, ताजी दाढी, आणि डोळ्यांत असा आनंद की तो आपल्या हातून हिरावला जाईल याची बघणाऱ्यालाच भीती वाटावी. काचेपलीकडे सहा-सात चेहरे चिकटले होते.

काकांनी तोंड उघडलं. वाक्य अगदी जिभेवर होतं. छोटंसं होतं.

"छान आहे," ते म्हणाले. "कुठून आणलात?"

व्यवस्थापकांनी कुठून आणला ते सविस्तर सांगितलं. काचेपलीकडचे चेहरे एकेक करून आपापल्या टेबलाकडे वळले.

"बरं, आता समितीचं," व्यवस्थापक म्हणाले. "अध्यक्ष कुणाला करू? तुमचा अनुभव आहे म्हणून विचारतो."

काकांनी क्षणभरही विचार केला नाही.

"तुम्हीच व्हा, साहेब," ते म्हणाले.

व्यवस्थापकांनी खूश होऊन चहा मागवला. काकांनी तो एका दमात संपवला आणि परतीची बस किती वाजता आहे ते विचारलं.