घाई झाली म्हणे

ऑगस्टमधला शेंगांचा दिवस म्हणजे ओपल आजीच्या स्वयंपाकघरात सगळ्या नातसुनांची हजेरी. घेवड्याच्या शेंगा मोडायच्या, बरण्यांत भरायच्या, कुकरमध्ये शिजवायच्या. आणि शेंगांबरोबर शेजाऱ्यापाजाऱ्यांची अब्रूही मोडायची. रेनिटा टोपली घेऊन आली ती दारातच थबकली. शेगडीवर तोच मोठा कुकर होता.

गेल्या वर्षी, टेनेसीतल्या तिच्या घरी, त्याचं झाकण उडालं होतं. वाफ संपली की झाकणावरची पिन खाली बसते. पिन बसलेली बघूनच तिने मूठ फिरवली होती. मानेची कातडी अजून ओढते.

"घाई केलीस," घरचे म्हणाले. ऐकून ऐकून तीही तेच सांगू लागली. वकिलाने समजावलं, "टेनेसीत वस्तू विकून दहा वर्षं उलटली की कंपनीला जाब विचारता येत नाही. रस्त्यापलीकडे, व्हर्जिनियात, ती अट नाही. पण तिथे तुमची जराशी चूक निघाली, तरी बहुधा हात हलवत परत यायचं." गावातला रस्ता एकच, दोन राज्यांची हद्द दाखवायला मधोमध पितळी पट्ट्या. अलीकडे कुकर म्हातारा म्हणून कंपनी सुटते, पलीकडे बाई उतावळी म्हणून. बाईने भाजून घ्यायचं तरी कुठे, हे कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नाही.

आजीचं घर व्हर्जिनियात.

"आजी, माझ्याकडून परत नेलात तेव्हा हा टाकून देणार होतात ना?"

"चांगलं भांडं कोण टाकतं? नवी रबरी रिंग बसवलीय. आता केलिनचा."

केलिन सगळ्यात धाकटी नातसून, लग्नाला वर्षही नाही. गॅस बंद करून थोडा वेळ झाला होता. पिन खाली बसली आणि केलिनने मुठीला हात घातला.

"हात काढ." रेनिटाचा आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "केलिन, माझ्याकडे ये. हळू."

"अगं, पिन बसलीय," आजी म्हणाली. "एकदा स्वतः घाई केलीस, आता दुसरीला का घाबरवतेस?"

पळून जावं, असं रेनिटाला फार वाटलं. तिने केलिनला दाराबाहेर ढकललं, आजीला दंडाला धरून मागे ओढलं, लांब लाकडी उलथनं घेतलं आणि दाराआडून त्याने झाकणावरच्या शिट्टीचं वजन उचललं.

वाफ फुसफुसत सुटली. संपेचना. खिडकीची काच पांढरी झाली आणि पिन मात्र खालीच बसून होती.

केलिन दाराबाहेर पोटावर हात ठेवून उभी होती. दिवस गेल्याची बातमी तिने अजून घरात सांगितली नव्हती.

आजी खुर्चीत बसली. उकाड्यातही ती लांब बाह्या का घालते, हे कुणी कधी विचारलं नव्हतं. तिने डावी बाही वर सरकवली. कोपरापर्यंतची कातडी जुनी, चुरगळलेली, चकाकती.

"कुकर नवीन होता तेव्हा," ती म्हणाली. "तुमचे आजोबा म्हणाले, घाई केलीस."

"आणि तुम्ही तो मला दिलात?"

"मला वाटलं, तू सावकाश करशील."

रेनिटाला संताप आला आणि त्याच दमात रडूही. "रविवारी हा कुकर चर्चमध्ये न्यायचा," ती म्हणाली. "तिथे रस्त्याच्या दोन्हीकडच्या बायका येतात. सगळ्यांसमोर मी मान दाखवणार आणि सांगणार, मी घाई केली नव्हती."

आजीने बाही खाली ओढायला हात नेला, मग ती तशीच राहू दिली.

"मीही नव्हती केली," ती म्हणाली.