मान्य व कबूल नाही

"बाय, नकार कुठे गेले?"

सिप्रियनकाकांनी टाईपरायटर थांबवला आणि माझे कागद खिडकीच्या उजेडात धरले.

"आहेत की, काका. शेवटच्या परिच्छेदात बघा. सगळे एकत्र."

"एकत्र?" काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "नकार काय खिचडी आहे?"

थांबा, आधी नीट सांगते, नाहीतर तुम्हाला कळणार नाही. साल चौऱ्याऐंशी. मी लॉच्या दुसऱ्या वर्षाला. सकाळी मुंबईला कॉलेज आणि दुपारी माणिकपूरला हरेश्वर वकिलांच्या ऑफिसात शिकायला. आता वकील काय शिकवणार, ते कायम कोर्टात! शिकवायचे ते सिप्रियनकाका, ऑफिसचे टायपिस्ट. एकतीस वर्षं त्याच खुर्चीवर. त्यांचं शिकवणं म्हणजे जुनी फाईल काढायची, माझ्यापुढे टाकायची आणि म्हणायचं, "उतरव."

"पण काका, समजावून तरी सांगा."

"आधी हाताला समजू दे. डोकं येतं मागनं."

दिवसचे दिवस मी उतरवत बसायचे. सगळ्यात वैताग कैफियतीचा. समोरच्याने दावा लावला की आपण जे लेखी उत्तर देतो ना, ती कैफियत. त्याच्या दाव्यात चौदा परिच्छेद असले तर आपण चौदा वेळा लिहायचं. परिच्छेद एकमधील मजकूर खरा नाही व तो प्रतिवादीस मान्य व कबूल नाही. परिच्छेद दोनमधील मजकूर खरा नाही व तो प्रतिवादीस मान्य व कबूल नाही. तीन, चार, पाच... अरे, आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, लितानीची प्रार्थना चालते ना, 'आम्हांसाठी विनंती कर, आम्हांसाठी विनंती कर', अगदी तश्शी! आणि मी कोण, तर कॉलेजच्या निबंध स्पर्धेत पहिली. आमच्या सरांनी भर वर्गात सांगितलेलं, चांगलं लिखाण म्हणजे एक गोष्ट एकदाच. ते माझ्या डोक्यात असं पक्कं बसलेलं!

त्यात व्हेरोनिकामावशी आली. सख्खी मावशी नव्हे, पाचूबंदरची, माझ्या आईची मैत्रीण. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली. घर आणि घरापुढची बांबूंवर बोंबील सुकवायची जागा, एवढंच तिचं. जमीन सासऱ्याने तोंडी दिलेली, कागद कुठलाच नाही. आणि दिराने, अँथनीने, दावा लावला की घर माझं आहे, भाऊ गेल्यावर मी हिला दयेने राहू दिलं, आता बाहेर काढा.

वकील म्हणाले, "फ्लॉसी, तुझ्या ओळखीची आहे ना? तूच लिही. मी बघतो."

मी लिहिली. काय लिहिली म्हणून सांगू! मावशी पहाटे टोपली घेऊन निघते तिथपासून सुरुवात. नवऱ्याबरोबर तिने एकेक वीट कशी वाहिली, नवरा गेल्यावर एकटीने कौलं कशी शाकारली, सगळं. आणि शेवटी एकच दणदणीत परिच्छेद, की वादीचे सर्व कथन आपमतलबी व खोटे असून प्रतिवादी ते संपूर्णपणे नाकारते. चौदा नकारांची कटकट एका वाक्यात खलास!

काका कागद खाली ठेवायला तयार नाहीत. "बाय, नववा परिच्छेद बघ. ती परवानगीने राहते म्हणतो तो. त्याला वेगळं 'नाही' म्हण. निदान त्याला."

"तुम्हाला सवय झालीय, काका. जुन्या फायली उतरवून उतरवून. मला कंटाळा येतो."

असं म्हटलं मी त्यांना. तोंडावर.

त्यांनी कागद खाली ठेवले. चष्मा खाली घेतला आणि टाईप करायला लागले. मी लिहिलं होतं तसंच, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. वकिलांनी घाईघाईत सही ठोकली. बघितलं वगैरे काही नाही. मावशीला मी वाचून दाखवलं तर ती पदराने डोळे पुसत राहिली. "माज्या मनातलं कसं कललं गं तुला? आता कोन काडतो मला बाहेर?" आणि अंगठा उठवला.

निकाल लागला दीड वर्षाने. आपल्या विरुद्ध. कोर्टाने लिहिलं, नवव्या परिच्छेदाला प्रतिवादीने स्पष्ट नकार दिलेला नाही, सरसकट नकार हा नकार धरता येत नाही, सबब ती परवानगीने राहत होती हे तिला कबूल आहे.

आणि ऐका ना, तो नियम मला पाठ होता! परीक्षेत आलेला. मी दीड पान लिहून आले होते, मार्कही पडले. पण तो नियम मावशीच्या घराबद्दल आहे हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

वकील ऑफिसात आले ते लालबुंद. कैफियत टेबलावर आपटली. मावशी बाकावर बसलेली. "फ्लॉसी, असं लिहिलंस तू? हे काय मासिकात छापायचं होतं?"

मी उभी राहिले. माझी शेवटची परीक्षा झालेली, वकिलीच्या सनदेचा अर्ज त्याच ऑफिसातून जायचा होता.

तेवढ्यात काका म्हणाले, "साहेब, पोरीने बरोबर लिहिलेलं. चौदाच्या चौदा. मी गाळले."

"तुम्ही?"

"टाईप करता करता कंटाळा आला. म्हटलं, एकात भागवू."

"इतक्या वर्षांत कंटाळा नाही आला, आणि आत्ता आला?"

"वय झालं, साहेब."

"मूळ कागद कुठाय?"

"टाकून दिला."

वकिलांनी त्यांच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी जमिनीकडे बघत होते. मला बोलता आलं असतं. अडवलं कोणी नव्हतं.

"उद्यापासून येऊ नका, सिप्रियन."

काकांनी टाईपरायटरवर कापड घातलं, खुर्चीतली उशी काखेत मारली आणि गेले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

अपिलात जायची मावशीची ताकद उरली नव्हती. महिन्याभराने तिने घर सोडलं. सामान तिच्या बहिणीकडे हलवायचं होतं म्हणून मी पाचूबंदरला गेले. भांडी, ट्रंक, अल्तारावरची, म्हणजे देव्हाऱ्यातली, मारियाबाईची तसबीर, सगळं आधीच गेलेलं. उरले होते ते बोंबील सुकवायचे बांबू.

"ते टोक धर गं," ती म्हणाली.

ती पुढे, मी मागे. गल्लीत पोरं बाजूला झाली. एक बाई दारातूनच म्हणाली, "गेलीस काय गं, व्हेरोनिका?" मावशीने मान हलवली.

मग मागे न वळताच म्हणाली, "त्या म्हाताऱ्याला सांग, माजा राग नाय त्याच्यावर. मानसाच्या हातनं व्हतं असं."

"सांगते."

बांबू माझ्या खांद्यावरून घसरत होता. मी तो दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"जड झाला काय?" तिने विचारलं.

"नाही."

"मग नीट चाल. म्होरं चढ हाय."